शीव ओलांडताना

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांतून आता माणसं परदेशात जातात. शिकून मोठ्या कंपनीत लागलेली पोरं आधीही जायची; आता बाकीचेही निघालेत. कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याचा आणि फवारणीच्या औषधांचा ठरलेला माल खपवला, की कंपनी त्याला थायलंड नाहीतर दुबईची सहल देते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालेली आई असते, जिनं त्याआधी नागपूरच्या पुढचं जग पाहिलेलं नसतं. हजला जाणारे नागपुरातूनच विमानात बसतात. आयटीआय केलेली पोरं आखाती देशांकडे डोळे लावून असतात. आणि आमच्या विहारातल्या बाया निंदणाच्या, कापूस वेचणीच्या मजुरीतून पैसा जोडून लुंबिनीला, श्रीलंकेला जाऊन येतात. ज्या घरातली सासू तालुक्याच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही, त्या घरातली सून पांढरी साडी नेसून अनुराधापूरच्या बोधिवृक्षासमोर हात जोडून उभी राहते, हे पाहिलं की मला भरून येतं.

जावं माणसानं. भीती घालून कोणाला घरी बसवायचं नाही, उलट धडपणी जाऊन धडपणी परत यावं म्हणून हे लिहिते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून निघण्याआधी लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. कोणाला फॉर्म भरून हवा असतो, कोणाला तिकिटावरचं इंग्रजी वाचून हवं असतं. कपडे काय न्यायचे, थंडी किती असते, हे सगळे विचारतात. आपल्याला काही झालं तर कोणाला कळेल, हे सहसा कोणी विचारत नाही. कारण गावात हा प्रश्न पडतच नाही.

गावात नवखा माणूस दिसला की पारावरचे आबाजी हटकतात, "कोनाचा रे तू? कोन्या गावचा? कोनाच्या घरी आला?" शहरातून आलेल्या पोरांना त्याचा राग येतो. पण आपली अर्धी सुरक्षितता या तीन प्रश्नांत आहे. रस्त्यात कोणी चक्कर येऊन पडला तर त्याचं ओळखपत्र कोणी शोधत नाही. दूधवाला सांगतो हा अमक्याचा धाकटा, ऑटोवाला त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतो, आणि घरचे पोचायच्या आत कोणीतरी तिथे चहा घेऊन उभा असतो. एसटीचा कंडक्टर म्हातारीला बरोबर फाट्यावर उतरवतो. हे सगळं इतकं आपसूक होतं, की ही एक व्यवस्था आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. विमानात बसलो की ती सगळी मागे राहते. तिकडे आपण कोणाचेच नसतो. मग जे काम इथे गाव करतं, ते तिथे कागदानं, फोननं आणि आधी ठरवून ठेवलेल्या गोष्टींनी करावं लागतं.

त्याहून अवघड गोष्ट ही, की ज्या भल्या सवयींवर आपलं गाव चालतं, त्यातल्या काही परक्या देशात थेट घात करतात. पहिली सवय डब्याची. कोणी नागपूरला निघाला की त्याच्या हाती शेजारी चार पिशव्या देतात. एकीत लोणचं, एकीत कुरोड्या, एकीत कोणाच्या पोराचं दाखल्याचं झेरॉक्स. नाही म्हणायचं नसतं. आता तीच पिशवी दुबईला निघालेल्याच्या हाती येते: "तेवढा हा पुडा माह्या पोराले देजो, तो घ्याले येते विमानतळावर."

२०१९ साली मुंबईचं एक जोडपं कतारमधल्या दोह्याला फिरायला गेलं. नात्यातल्या एका बाईनं कोणाला तरी द्यायला म्हणून दिलेलं एक पुडकं त्यांच्या सामानात होतं. विमानतळावर उघडलं तर आत चरस निघालं. १० वर्षांची शिक्षा झाली. बायको तेव्हा गरोदर होती. बाळ तिथल्या तुरुंगात जन्मलं. इकडून पुरावे गोळा झाले, पाठपुरावा झाला आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटून घरी आले. त्यांचं दैव म्हणायचं, कारण सामान ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा, असंच जगभरचे कस्टमवाले धरून चालतात. सिंगापुरात १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन सापडलं तर फाशीचा कायदा आहे. म्हणून मी ओट्यावर बसलेल्यांना सांगते: पुडा कोणाचाही असो, मामाचा असो की सरपंचाचा, घरी बसून, उघडून, हातानं चाचपून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकायचा नाही, आणि शिवलेलं, चिकटवलेलं, डब्याला डबल बूड असलेलं काहीही सरळ परत करायचं. राग येईल, येऊ द्या. आणि विमानतळावर कोणी "जरा ही बॅग धरता का" म्हणालं, तर धरू नका. आपल्या संस्कारांत हे बसत नाही, मला ठाऊक आहे. तरी नका धरू.

स्वतःच्या पिशवीतही पाहावं लागतं. सावजी मसाल्याचंच घ्या. आमच्याकडची बाई लेकाकडे निघाली की घरी कुटलेला काळा मसाला नेणारच. त्यात खसखस असते. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांत धरतात. नुसता पुडा तर सोडाच, मसाल्यातली खसखसही अडचणीत आणू शकते. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटावा. तसाच खर्रा, म्हणजे सुपारी आणि तंबाखू घोटून केलेलं मिश्रण. घोटलेल्या खर्र्याची पुडी खिशात नसेल तर आमच्याकडच्या कित्येकांचा दिवस उगवत नाही. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे आणि स्वतःपुरतीसुद्धा नेता येत नाही. औषधांचं तर फारच जपून. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं. आपल्या मेडिकलवाल्यानं सहज काढून दिलेली ही औषधं आखातात नियंत्रित यादीत आहेत. डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी, तीवर औषधाचं मूळ नाव, गोळ्या मूळ पाकिटात आणि आधी त्या देशाचा नियम पाहून. पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नयेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला आणखी एक सांगते, कारण आपल्या माणसाला चांगल्या वाणाचं बी भेट म्हणून न्यायची हौस असते. बी, तूप, लोणचं, जे असेल ते तिथल्या फॉर्मवर खरं खरं लिहावं. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड करतात.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते.

कापसाला भाव नसलेल्या एका वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई दुपारच्या उन्हात आली. हातात मोबाइल. "बाई, हे वाचून द्या न. पोराले थायलंडले नोकरी लागली म्हनते." पोरगा दहावी नापास, पण हात चांगला, वेल्डिंगचा आयटीआय केलेला. मोबाइलवर इंग्रजी पत्र होतं. पद डेटा एंट्रीचं. जागा बँकॉक. पगार महिना सत्तर हजार रुपये, राहणं-खाणं कंपनीचं, विमानाचं तिकीटही कंपनीच काढणार. पत्रावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, पण पत्ता नाही. खालचा ई-मेल कोणीही फुकटात काढू शकेल असा. मुलाखत टेलिग्रामवर झालेली, दहा मिनिटांत. व्हिसाच्या रकान्यात लिहिलं होतं की थायलंडला पर्यटक म्हणून यायचं, बाकीचं तिथे करून देऊ.

मी विचारलं, "एजंट कोन आहे?"

"आपल्याच मानसाचा हाय. माह्या मावसभावाच्या सासरकडचा."

म्हणजे कोनाचा रे तू, या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि तेवढ्यानं घरात सगळे निर्धास्त झाले होते. गावात हे उत्तर पुरतं, कारण चुकलं तर तो माणूस आणि त्याचं घर कुठे पळत नाही. पण इथला माणूस फक्त पहिली कडी असतो. बहुतेक वेळा त्यालाही पुढचं काही ठाऊक नसतं. त्याला माणशी दलाली मिळते.

मी त्या माउलीला शेजारी बसवून सगळं सांगितलं. २०२३च्या अखेरीपासून आपल्या लोकांना थायलंडात फिरायला व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं. ही सोय फिरणाऱ्यांसाठी आहे, त्यावर नोकरी करता येत नाही. दलालांना मात्र ती सोयीची झाली. पोराला बँकॉकला उतरवून घेतात, गाडीत घालून मे सोत या सीमेवरच्या गावाकडे नेतात, रात्री मोई नदी ओलांडली की पलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी. तिथे भिंतीआड मोठमोठ्या इमारती आहेत. पासपोर्ट काढून घेतात, फोन काढून घेतात, आणि पंधरा-सोळा तास कॉम्प्युटरसमोर बसवून जगभरच्या लोकांना खोट्या नावांनी फसवायला लावतात. नाही म्हटलं तर मार. सुटायचं तर पैसे भरा. कंबोडियात आणि लाओसमध्येही हेच चालतं. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देत आहे. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना सोडवून हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणलं. त्यांच्यातही कोणाच्या तरी मावसभावाच्या सासरकडच्या माणसानं पाठवलेली पोरं असतीलच.

दहावी नापास पोराला, इंग्रजी टायपिंग न पाहता, परदेशात कॉम्प्युटरवर बसवून कोणी सत्तर हजार देत असेल, तर त्याला त्या पोराकडून दुसरंच काहीतरी हवं आहे. हे तिला पटलं. पोरगा मात्र चिडला. काही दिवस माझ्या ओट्यापुढून मान फिरवून जायचा. त्याचा राग मला कळत होता. घरावर कर्ज होतं, आणि मी त्याच्या हातातला घास काढून घेतल्यासारखं त्याला वाटलं असणार.

खरं तर सरळ वाट आहे, पण ती आपल्या गावापर्यंत कोणी पोचवत नाही. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३च्या उत्प्रवास कायद्यानं एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सेतू केंद्रावरचा पोरगा पाच मिनिटांत शोधून देईल. यादीत नाव नसेल तर गोष्ट तिथेच संपली. असेल तर त्यानं घ्यायची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर नाही, आणि पावती द्यायची. लाख-दीड लाख मागणारा एजंट मग कोणाच्याही सासरचा असो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे जाण्याआधी तपासणी हवी, असा उल्लेख असतो. असा माणूस सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते. लोकांना ही अडवणूक वाटते आणि एजंट सुचवतो की फिरायच्या व्हिसावर जा, कटकट नको. पण त्या मंजुरीच्या वेळीच करार तपासला जातो, मालक कोण हे नोंदलं जातं, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा अपघात विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. कापसाला दोन फवारण्या कमी-जास्त झाल्या तर यापेक्षा जास्त पैसा जातो. ती कटकट टाळली की पोरगा सरकारच्या वहीतच नसतो. मग शोधणार कोण आणि कुठे?

नोंद असणं आणि नसणं यात केवढं अंतर आहे, ते २०२४च्या हजमध्ये दिसलं. त्या वर्षी मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता. मृत्यूंचा सौदी सरकारनं दिलेला आकडा १,३०१ आहे, आणि त्यातले पाचातले चार जण परवान्याशिवाय आलेले होते. परवाना असलेल्याला बस मिळते, थंड हवेचा तंबू मिळतो. नसलेला मैलोन् मैल उन्हात चालतो. आपण विदर्भाची माणसं उन्हाला भीत नाही, डोक्याला दुपट्टा बांधला की निघालो. पण आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड करतो. आखाताच्या किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम नुसता वाहत राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात वाढलेला गडीसुद्धा तिथे कोसळू शकतो. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. हे कामाला जाणाऱ्याला आधी ठाऊक असलं तर तो निदान विचारू तरी शकेल.

आणि तिथे राहायच्या खोलीत पाय टाकला की आधी जिना पाहा, दुसरी वाट पाहा, गच्चीचं दार उघडतं का पाहा. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, ४५ भारतीय गेले. माणसं झोपेत होती आणि धूर जिन्यानं वर चढला. आपली घरं अंगणात उघडणारी. आगीत कोणत्या बाजूनं पळायचं हा विचार आपल्या अंगवळणी नाही.

पाण्याचंही तसंच. समुद्र आपल्यापासून किती दूर! आपली पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात, उन्हाळ्यात नदीच्या डोहात पडून राहतात. विहिरीचं पाणी कुठे नेत नाही. डोहाची खोली गावाला ठाऊक असते. अशी पट्टीची पोहणारी पोरं थायलंडच्या फुकेतला जाऊन समुद्र पाहतात आणि धावत सुटतात. किनाऱ्यावर आलेलं लाटांचं पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट धरतं, आणि त्या वाटेवर ओढ एवढी असते की चांगला पोहणाराही आत खेचला जातो. फसगत अशी, की तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, आणि नवखा माणूस पोहायला नेमकी तीच जागा निवडतो. अडकलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम तुटतो आणि तिथेच माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहा, ओढ अरुंद असते, बाहेर पडलं की मग वळा. पोहवत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. मे ते ऑक्टोबर फुकेतच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लावतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. सहलीत सगळे दारूच्या अंमलात असतात आणि झेंडा कोणी पाहत नाही, म्हणून हे जाण्याआधी शुद्धीत सांगायचं.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत, आखातात, युरोपातल्या बहुतेक देशांत गाड्या उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते. दोन्हीकडे पाहा, एकेरी रस्त्यावरही. थायलंडात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे स्कूटर घ्यायचा मोह होतो. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमावाले हात वर करतात. आणि भाड्याच्या गाडीसाठी पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही. कोणापुढेही, कशासाठीही.

आमच्या विहारातल्या मंडळींबरोबर मी श्रीलंकेला गेले होते, तेव्हाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्यात एक तरुण पोरगा होता. त्याच्या उजव्या दंडावर तथागतांचा चेहरा गोंदलेला. किती प्रेमानं गोंदून घेतलं होतं त्यानं! १४ एप्रिलला मिरवणुकीत तो हात उंच करून नाचतो. विमानतळावरून हॉटेलात जाताना आमच्या वाटाड्याचं त्याच्याकडे लक्ष गेलं. त्यानं गाडी बाजूला घेतली, स्वतःच्या पिशवीतून पूर्ण बाह्यांचा सदरा काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, इथे आहात तोवर हा अंगावरून काढू नका. श्रीलंकेत बुद्धाची प्रतिमा अंगावर गोंदणं हा अवमान समजतात. २०१४ मध्ये एका ब्रिटिश बाईला दंडावरच्या अशाच गोंदणापायी अटक करून परत पाठवलं होतं. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणंही तिथे चालत नाही. पोरगा गाडीत गप्प बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, माह्या बापाचं चित्र हाय हे, यात अपमान कसा?" मी त्याला एवढंच म्हटलं, की तुझं प्रेम खरं आणि त्यांचंही खरं, आपण पाहुणे आहोत. त्यानं तो सदरा कँडीच्या उकाड्यातही काढला नाही. दालदा मालिगावात, म्हणजे बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिरात, त्याला सगळ्यात पुढे उभं केलं आम्ही.

लुंबिनीला जाताना वेगळी अडचण येते. नेपाळ म्हणजे परदेश वाटतच नाही. पाट्या देवनागरीत, सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीखालून माणसं भाजी आणायला गेल्यासारखी इकडून तिकडे जातात. म्हणून लोक फक्त आधार कार्ड घेऊन निघतात. पण १५ ते ६५ वर्षांच्या माणसाला नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला आणि कितीतरी भारतीय यात्रेकरू अडकले. अशा वेळी जवळ खरा कागद असला की दूतावासाच्या दारात उभं राहता येतं.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण फार आहेत, विशेषतः पूर्व विदर्भात, आणि त्यांच्याबद्दल कोणत्याच सहलीच्या पत्रकात ओळ नसते. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि विरळ हवा, या तिन्हींनी सिकलसेलच्या कळा सुरू होऊ शकतात. लांबच्या विमानप्रवासात तहान नसली तरी पाणी पीत राहावं, अंगात ऊबदार घालावं, आणि नेपाळातल्या मुक्तिनाथसारख्या साडेतीन हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी जायचं की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवावं. आपला सिकलसेलचा कार्ड-कागद, चालू गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी खांद्यावरच्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आई-बापांनी प्रवास विमा घेताना आधीच्या दुखण्यांबद्दल खरं लिहावं. साखर लपवून काढलेला विमा ऐन वेळी कामाचा राहत नाही.

निघणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद करून देते. जाड, हातानं लिहिलेला, प्लास्टिकच्या पाकिटात. फोन बंद पडतो, हरवतो, ओला होतो, म्हणून कागद. त्यावर नाव, रक्तगट, चालू औषधं, पासपोर्ट क्रमांक, तिथल्या माणसाचा आणि घरच्या दोन माणसांचा नंबर पुढे ९१ लावून, तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर, आणि त्या देशाचा तातडीचा नंबर. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, थायलंडात पर्यटक पोलिसांचा ११५५, श्रीलंकेत रुग्णवाहिकेचा १९९०. हॉटेलात पोचल्यावर तिथलं कार्ड मागून घ्यायचं, तिथल्या लिपीतलं. वाट चुकली की रिक्षावाल्याला ते दाखवायचं. बाया हा कागद बटव्यात ठेवतात आणि बटवा कमरेला.

दुसरा कागद घरी. कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला. पासपोर्टची झेरॉक्स, तिकीट, राहायचा पत्ता, मालकाचं नाव, कराराची प्रत. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांत तक्रार करून दूतावासात जायचं. ते घरी परतण्यापुरता तातडीचा दाखला देतात, आणि त्या वेळी ही झेरॉक्स सोन्यासारखी कामी येते. आणि फोनची वेळ ठरलेली. रोज बोलायला हवं असं नाही, एक ओळ पुरे: बरा आहे. ती ओळ एक दिवस आली नाही तर कोणाला फोन करायचा, दोन दिवस आली नाही तर काय करायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं असावं. नाहीतर घरची माणसं देवाला नवस बोलत बसतात आणि मोलाचे दिवस जातात. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, तिला क्रमांक मिळतो आणि दूतावासाला उत्तर द्यावं लागतं. सेतू केंद्रावर पीक विम्याचा अर्ज भरून मिळतो, तसा हाही भरून मिळेल. विचारायला हवं.

तो वेल्डर पोरगा वर्षभरानं ओमानला गेला. नागपूरला जाऊन यादीतल्या एजंटला गाठलं, पावती घेतली, मंजुरी काढली. पगार सत्तर हजार नाही, त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे, पण दर महिन्याला बँकेत येतो. घरावरचं कर्ज फिटत आलंय. परवा त्यांच्या गल्लीत एक एजंट आला होता, मलेशियाला माणसं हवीत म्हणून. पोरं जमली होती. या पोराची आई सरपणाचा भारा टेकवून मध्येच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "भाऊ, तुमचा लायसनचा नंबर सांगा. लिहून घेते." त्यानं काहीतरी बाहेरच्या ऑफिसचं नाव घेतलं. ती म्हणाली, "ऑफिसचं नाही, तुमचा सांगा." तो उद्या घेऊन येतो म्हणाला. अजून आलेला नाही. येत्या ग्रामसभेत नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा विषय आम्ही दोघींनी दिला आहे. सचिवानं प्रिंट काढून देतो म्हटलंय.